रॉचेस्टरचा नॉर्मन किल्ला: पाहायला जाणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

भारतातून पाहुणे आले, की लंडन पाहून झाल्यावर मी त्यांना केंट परगण्यातल्या रॉचेस्टरला घेऊन जाते. आई-बाबा झाले, मावशी झाली, मैत्रिणींची मुलं झाली. प्रत्येक खेपेला तेच प्रश्न विचारले जातात, आणि ते अगदी योग्य प्रश्न असतात. गडकिल्ले पाहत मोठ्या झालेल्या माणसाला जे विचारावंसं वाटतं, त्याची उत्तरं तिथल्या पाट्यांवर नेहमी सापडत नाहीत. म्हणून ती इथे लिहून ठेवली आहेत.

लंडनमध्येच टॉवर आहे की! मग रॉचेस्टरला कशाला जायचं?

टॉवर ऑफ लंडनमधला व्हाइट टॉवर नॉर्मनच आहे आणि तो जरूर पाहावा. पण तिथे राजमुकुटांची रांग असते, शस्त्रांची दालनं असतात आणि गर्दी तर असतेच. या सगळ्यात मूळ इमारत दिसेनाशी होते. रॉचेस्टरला आत काहीच नाही. छप्पर नाही, मजले नाहीत, सामान नाही. उरल्या आहेत फक्त भिंती, आणि किल्ला कसा विचार करून बांधला होता हे त्या भिंतींवरून स्वच्छ कळतं. राजगडावर किंवा रायगडावर नुसती जोती पाहून वाडा डोळ्यांपुढे उभा करायची सवय असलेल्या माणसाला इथे परकं वाटत नाही.

दुसरं कारण त्या बांधकामाचा एक कोपरा. त्याविषयी पुढे सविस्तर सांगते.

नॉर्मन म्हणजे नेमके कोण? इंग्रजच ना?

नाही, आणि हे आधी नीट समजून घेतलं तर बाकी सगळं सोपं जातं. नॉर्मन म्हणजे उत्तरेकडची माणसं. स्कँडिनेव्हियातून जहाजांनी येऊन लुटालूट करणाऱ्या व्हायकिंग टोळ्यांपैकी काहींना ९११ च्या सुमारास फ्रान्सच्या राजानं सीन नदीच्या मुखाजवळ जमीन दिली. त्या मुलखाला नॉर्मंडी नाव पडलं. चार-पाच पिढ्यांत ही मंडळी फ्रेंच बोलू लागली, ख्रिस्ती झाली आणि घोड्यावरून लढण्यात पटाईत झाली. त्यांचा ड्यूक विल्यम १०६६ साली खाडी ओलांडून आला, १४ ऑक्टोबरला हेस्टिंग्जच्या लढाईत इंग्लंडचा राजा हॅरॉल्ड मारला गेला आणि त्याच नाताळात विल्यमचा राज्याभिषेक झाला.

म्हणजे हे किल्ले इंग्रजांना जिंकणाऱ्या परक्यांनी बांधले. राज्यकर्त्यांची भाषा वेगळी आणि प्रजेची वेगळी, असं पुढं कित्येक पिढ्या चाललं.

मग आपल्या गडांची आणि या किल्ल्याची तुलना करता येते का?

बांधकामाची करता येते. तट, बुरूज, चर्या, देवडी, पाण्याची सोय हे सगळं इथेही आहे आणि आपले शब्द इथे चपखल बसतात. जागेच्या दृष्टीनं म्हणाल तर हा भुईकोट. मेडवे नदीच्या काठावर, रोमन काळापासून चालत आलेला लंडन-कँटरबरी रस्ता जिथे पुलावरून नदी ओलांडतो, अगदी त्या नाक्यावर तो उभा आहे. पूल ज्याच्या ताब्यात, त्याच्या हातात डोव्हरहून लंडनला जाणारी वाट.

भावनेची तुलना मात्र करू नये असं माझं मत आहे. 'गड' म्हटलं की आपल्या मनात आधार उभा राहतो. अकराव्या शतकातल्या रॉचेस्टरच्या माणसाला हा किल्ला पाहून तसं वाटलं नसणार. जिंकलेल्या गावात, लोकांच्या वस्तीला लागून, त्यांच्यावर नजर ठेवायला तो बसवलेला होता. सुरुवातीचे असे किल्ले माती आणि लाकडाचे असत: उंचवटा रचायचा, वर लाकडी मनोरा आणि खाली कुंपणाचं आवार. ते झटपट उभे राहत आणि त्यासाठी माती वाहायचं काम जिंकलेल्या लोकांकडूनच करून घेतलं जाई. पीटरबरोच्या मठात लिहिल्या गेलेल्या इतिवृत्तात ११३७ सालच्या नोंदीखाली या वेठीबद्दल फार कडवटपणे लिहिलं आहे. सरदारांनी गरिबांना किल्ल्यांच्या कामात पिळून काढलं आणि किल्ले तयार झाल्यावर त्यांत दुष्ट माणसं भरली, असा त्याचा आशय. रॉचेस्टरच्या भिंतीखाली मान वर करून उभं राहिलं की मला आधी ते इतिवृत्त आठवतं.

हा किल्ला बांधला कोणी?

दोन धर्मगुरूंनी! पाहुण्यांना याचं सगळ्यात जास्त आश्चर्य वाटतं.

१०८६ च्या डूम्सडे या महसुली पाहणीत नोंद आहे, की किल्ल्याखाली गेलेल्या जमिनीच्या बदल्यात रॉचेस्टरच्या बिशपला एल्सफर्ड इथे १७ शिलिंग ४ पेन्स किमतीची जमीन मिळाली. म्हणजे तोवर इथे कसला तरी किल्ला होताच. त्यानंतर दुसऱ्या विल्यमच्या काळात, १०८७ ते १०८९ च्या सुमारास, बिशप गंडल्फनं दगडी तट बांधून दिला. गंडल्फ नॉर्मंडीतून आलेला मठवासी, आणि बांधकामातला जाणकार. लंडनच्या व्हाइट टॉवरच्या कामावर देखरेख त्याचीच. एक मौजे स्वतःच्या मठाकडे कायम राहावं म्हणून त्याला राजाची मंजुरी हवी होती. त्या बदल्यात ६० पौंड खर्चून किल्ला दगडात बांधून द्यायचं ठरलं.

आज जो प्रचंड चौकोनी मनोरा दिसतो, तो त्यानंतरचा. पहिल्या हेन्रीनं ११२७ साली किल्ला कँटरबरीच्या आर्चबिशपांकडे कायमचा सोपवला आणि आर्चबिशप विल्यम द कॉर्बेल यानं हा मनोरा उभारला.

त्या मनोऱ्याला 'कीप' म्हणतात. म्हणजे आपला बालेकिल्लाच का?

काम तेच, रूप वेगळं. बालेकिल्ला म्हणजे गडावरचा सगळ्यात उंच, वेगळा तट असलेला भाग. कीप म्हणजे एकच इमारत, पण तीत बालेकिल्ला, सदर, वाडा, कोठार आणि देवघर असं सगळं एकावर एक रचलेलं. बांधणारे तिला कीप म्हणत नव्हते, तो शब्द कित्येक शतकांनी आला. त्यांचा शब्द होता 'डोंजॉन'. पुढे त्याचाच 'डंजन' झाला आणि अर्थ उरला तळघरातली कोठडी.

आकडे सांगते. एकेक बाजू सुमारे ७० फूट, उंची वरच्या कठड्यापर्यंत ११३ फूट, आणि कोपऱ्यांवरचे मनोरे त्याहूनही वर जातात. मुंबईचं गेटवे ऑफ इंडिया ८५ फूट आहे, त्यावरून अंदाज यावा. तळाशी भिंत जवळजवळ १२ फूट जाडीची. दगड बहुतेक स्थानिक, केंटमधला करडा खडबडीत दगड. पण कोपरे आणि कमानी यांसाठी नॉर्मंडीतल्या कान या शहरातला फिकट, सहज घडवता येणारा दगड जहाजातून आणला. स्वतःच्या गावचा दगड समुद्रापलीकडे नेऊन बांधण्यात सोय होती, तसा रुबाबही होता.

आत गेल्यावर काय काय पाहायचं?

आधी दरवाजा. तो जमिनीवर नाही, पहिल्या मजल्यावर आहे. बाहेरच्या अंगानं वळून जाणारा जिना आणि त्यापुढे दरवाजा राखणारी एक वेगळी इमारत. गोमुखी दरवाजाची वळणं चढताना शत्रू तटावरच्या माऱ्यात सापडतो, तोच डाव इथे जिन्यानं साधला आहे. त्या इमारतीच्या वरच्या भागात एक प्रार्थनाघरही होतं.

आत शिरलात की मधोमध एक आडवी भिंत दिसेल. तिनं सगळ्या कीपचे तळापासून वरपर्यंत दोन भाग केले आहेत. या भिंतीच्या पोटातून विहिरीची नळी वर जाते आणि प्रत्येक मजल्यावर पाणी शेंदायला झरोका आहे. वेढ्यात अडकलेल्या शिबंदीला खाली न उतरता वरच्या वर पाणी मिळायचं. आमच्या बाबांनी वेरूळपासून जंजिऱ्यापर्यंत अनेक ठिकाणची पाण्याची व्यवस्था पाहिली आहे. या झरोक्यापाशी ते बराच वेळ उभे राहिले.

मुख्य दिवाणखान्याचा मजला दुप्पट उंचीचा आहे. तिथल्या मधल्या भिंतीत गोल कमानींची रांग आहे आणि कमानींवर नागमोडी नक्षी कोरलेली आहे. गोल कमान आणि तिच्यावर ही दातेरी नक्षी दिसली, की इमारत नॉर्मन हे ओळखायला शिकलात म्हणून समजा. मजल्याच्या फळ्या आता नाहीत, पण तुळया बसवायच्या खाचा भिंतीत जागोजाग दिसतात. त्या मोजत गेलात तर मजले आपोआप उभे राहतात. भिंतीच्या जाडीतूनच फिरणारी एक गॅलरी आहे, तिच्यातून चालताना मध्येच खाली पोकळीत डोकावता येतं. शेकोट्यांचे कोनाडे आणि शौचकूपही भिंतीतच आहेत.

तीन कोपरे चौकोनी आणि एकच गोल, असं का?

ज्या कोपऱ्यासाठी मी माणसांना इथवर आणते, तो हाच. आग्नेय दिशेचा कोपरा.

१५ जून १२१५ रोजी राजा जॉननं सरदारांच्या दबावाखाली मॅग्ना कार्टा या हक्कांच्या सनदेवर आपली मुद्रा उमटवली. काही आठवड्यांतच तो शब्द फिरवायला निघाला, पोपनं सनद रद्द ठरवली आणि यादवी सुरू झाली. लंडन बंडखोरांकडे होतं. शरद ऋतूत विल्यम डॉबिन्ये हा सरदार निवडक माणसांसह रॉचेस्टरला आला आणि किल्लेदारानं त्याला दरवाजा उघडला. इतिवृत्तकारांच्या आकड्यांत फरक आहे, पण आत शंभराच्या आसपास सरदार आणि त्यांचे शिपाई होते. किल्ल्यात पुरेशी रसद नव्हती. परत फिरावं असं काहींचं म्हणणं होतं, पण डॉबिन्येनं त्यांना थोपवलं.

जॉननं आधी पूल तोडून लंडनची वाट बंद केली. १४ ऑक्टोबरला कँटरबरीला हुकूम गेला: रात्रंदिवस राबून जमतील तितक्या कुदळी घडवा आणि इकडे पाठवा. दगड फेकणारी पाच यंत्रं लावली गेली. लंडनहून मदतीला निघालेली फौज डार्टफर्डपर्यंत येऊन माघारी वळली. बाहेरचा तट पडला, पण कीप काही केल्या पडेना.

तेव्हा कुदळवाले आग्नेय कोपऱ्याखाली घुसले. १२१५ साली युरोपात बंदुकीची दारू आलेली नव्हती. त्यामुळे 'सुरुंग' या शब्दावरून आपल्याला जो धडाका आठवतो, तसा तो नव्हता. पायाखाली भुयार खणायचं, खणताना वरचं ओझं लाकडी धिऱ्यांवर तोलून धरायचं आणि भुयार पुरेसं मोठं झालं की त्यात सरपण कोंबून आग लावायची. धिरे जळले की पाया बसतो आणि भिंत स्वतःच्याच वजनानं खाली येते. पाच शतकांनंतर, १७०० साली, औरंगजेबाच्या फौजेनं साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्याला दारूचे सुरुंग लावले, तेव्हा त्यातला एक उलटला आणि कडा बाहेर उभ्या असलेल्या मुघल सैन्यावरच कोसळला. दारू अशी बेभरवशाची. धिरे जाळण्याची ही जुनी रीत सावकाश चालायची, पण खणणाऱ्यांच्या हातात राहायची. रॉचेस्टरचा कोपरा अख्खाच्या अख्खा ढासळला.

आणि तरीही आतले लोक शरण आले नाहीत. ती मधली आडवी भिंत आठवते ना? तिच्या पलीकडच्या अर्ध्या कीपमध्ये जाऊन ते लढत राहिले. घोडे कापून खाल्ले. शेवटी ३० नोव्हेंबरला उपासमारीनं दरवाजा उघडला. सुमारे सात आठवड्यांचा वेढा. इतका जोराचा वेढा आणि इतका कडवा प्रतिकार आपल्या काळात कोणी पाहिला नव्हता, असं एका समकालीन इतिवृत्तकारानं लिहून ठेवलं आहे.

तिसऱ्या हेन्रीच्या काळात पडलेला कोपरा पुन्हा बांधला, तो गोल. चौकोनी कोपऱ्याचे टोकाचे दगड कुदळीनं उपसता येतात, गोलाईवर तशी पकड मिळत नाही. बाहेरून पाहा, मग आतूनही पाहा: तिथला दगड आणि बांधणीची रीत दोन्ही बदललेली दिसतात. मला या कोपऱ्याला हात लावल्याशिवाय परत यावंसं वाटत नाही.

चाळीस डुकरं जाळली म्हणतात, ती दंतकथा का?

दंतकथा नाही, लेखी पुरावा आहे. २५ नोव्हेंबर १२१५ रोजी जॉननं ह्यूबर्ट द बर्ग या आपल्या मुख्य अधिकाऱ्याला हुकूम पाठवला: सगळ्यात लठ्ठ आणि खायला सगळ्यात कमी चांगली अशी ४० डुकरं रात्रंदिवस घाई करून पाठवावीत, मनोऱ्याखाली आग पेटवण्यासाठी. हवी होती ती चरबी. ओलसर भुयारात जाड लाकडी धिरे पेटते ठेवायला चरबीसारखं इंधन नाही. पेटलेली जिवंत डुकरं भुयारात हाकलली, असं रंगवून सांगितलेलं ऐकलंत तर मुलांना हुकुमाचे मूळ शब्द सांगा.

शरण आल्यावर राजानं सगळ्यांना मारलं का?

त्याच्या मनात सगळ्यांना फाशी द्यायचंच होतं. त्याच्याच बाजूचा सावारी द मोलेऑन हा सरदार आडवा आला. त्याचं म्हणणं सरळ होतं: आज तुम्ही यांना लटकवलंत, तर उद्या आमच्यापैकी कोणी त्यांच्या हाती सापडला की तेही तेच करतील, आणि मग तुमच्यासाठी लढायला कोण उभं राहील? बहुतेकांना कैदेत टाकलं. फासावर गेला एकच, एक साधा तिरंदाज. लहानपणापासून तो जॉनच्याच पदरी वाढला होता, असं सांगतात. सरदारांची नावं इतिहासात उतरली. फाशी गेलेल्याचं मात्र नाव नाही.

याशिवाय इथे आणखी लढाया झाल्या का?

झाल्या. १०८८ साली पहिल्या विल्यमचा सावत्र भाऊ ओडो, जो बायोचा बिशप होता, तो आपल्याच पुतण्याविरुद्ध, म्हणजे दुसऱ्या विल्यमविरुद्ध, इथे ठाण मांडून बसला. राजानं सामान्य इंग्रजांना मदतीला बोलावलं आणि जो येणार नाही तो नामर्द ठरेल असं जाहीर केलं. लोक आले. उन्हाळा, माश्या आणि रोगराई यांनी आतले लोक हैराण झाले आणि शरण आले. ओडो बाहेर पडला तेव्हा कर्णे वाजत होते आणि इंग्रज लोक फासाचे दोर मागत ओरडत होते, असं वर्णन मिळतं.

११४१ मध्ये इथे एक मोठा राजबंदी होता: ग्लॉस्टरचा रॉबर्ट, राजा स्टीफनविरुद्धच्या यादवीतला मुख्य सेनानी. त्याच्या बदल्यात पकडलेला राजा स्टीफन सोडवून घेतला गेला. १२६४ च्या एप्रिलमध्ये राजाविरुद्ध उठलेल्या सरदारांचा पुढारी सायमन द मॉन्टफर्ट यानं किल्ला वेढला. जळतं जहाज सोडून त्यानं पूल पेटवला, बाहेरचा तट घेतला, पण कीप मात्र त्याच्या हाती लागली नाही. १३८१ च्या शेतकरी बंडात लोकांनी किल्ल्यात घुसून एका कैद्याला सोडवलं. प्रजेच्या उरावर बांधलेला किल्ला प्रजेनं उघडला, म्हणून ही छोटीशी घटना मला विसरता येत नाही.

मग छप्पर आणि मजले गेले कुठे?

तोफेनं नाही, विक्रीत गेले. १६१० साली पहिल्या जेम्सनं किल्ला वेल्डन घराण्याला दिला आणि त्यांच्या ताब्यात असताना आतलं लाकूड विकलं गेलं. दगडही विकायचे होते, पण चुन्याची पकड इतकी घट्ट, की फोडण्याची मजुरी परवडेना. त्या चुन्यामुळे इमारत वाचली. १८७० मध्ये आवाराची सार्वजनिक बाग झाली आणि पुढे शहरानं किल्ला विकत घेतला.

चक्री जिना उजवीकडे वळतो, तो तलवारबाजीसाठीच ना?

हे सगळीकडे छातीठोकपणे सांगितलं जातं: वरून उतरणाऱ्या रक्षकाचा उजवा हात मोकळा राहावा आणि चढणाऱ्याचा अडावा, म्हणून. ऐकायला पटतं. पण डावीकडे वळणारे जिनेही नॉर्मन किल्ल्यांत आहेत आणि अभ्यासकांना हे स्पष्टीकरण मान्य नाही. मी ते सांगणं सोडून दिलं.

भुताचं काय? मुलं विचारतात.

१२६४ च्या वेढ्यात लेडी ब्लँच नावाच्या स्त्रीला तिच्या नियोजित वराचाच बाण लागला आणि ती कठड्यावर फिरते, अशी लोककथा आहे. मुलांना सांगायला छान आहे. इतिहास म्हणून सांगू नका.

जायचं कसं आणि वेळ किती ठेवायचा?

लंडनच्या सेंट पॅनक्रसहून जलद गाडीनं पाऊण तासाच्या आत पोचता. व्हिक्टोरियाहूनही गाड्या आहेत. स्टेशनातून हाय स्ट्रीटवरून रमतगमत चालत किल्ला गाठता येतो. तो इंग्लिश हेरिटेजच्या संरक्षणाखाली आहे. तिकीट, वेळा आणि शेवटच्या प्रवेशाची वेळ निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर पाहा, कारण ऋतूप्रमाणे त्या बदलतात. कीपला तिकीट लागतं, बाहेरच्या बागेत मात्र मोकळेपणानं बसता येतं. कीपला दीड तास पुरतो. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेतो आणि हिरवळीवर, त्या गोल कोपऱ्यासमोर बसून खातो.

आजी-आजोबांना आणि लहान मुलांना झेपेल का?

गुडघे दुखणाऱ्यांनी वर जाण्याचा आग्रह धरू नये. जिना अरुंद आहे, पायऱ्या झिजलेल्या आहेत आणि पावसानंतर निसरड्या होतात. बाबागाडी आत चालत नाही. आई एकदा साध्या चपला घालून आली होती, अर्ध्यावरूनच उतरावं लागलं. बूट घाला. वर वारा फार असतो, उन्हाळ्यातही एखादं जाकीट असू द्या. पण ज्यांना चढवतं त्यांनी कठड्यापर्यंत जरूर जावं. मेडवेचं वळण, पूल आणि लंडनचा रस्ता एका नजरेत दिसतो आणि किल्ल्याला ही जागा का निवडली हे कोणी सांगावं लागत नाही.

जे खाली थांबतील त्यांनी समोरचं कॅथीड्रल पाहावं. या धर्मपीठाची स्थापना ६०४ सालची, आणि ती इमारत नव्यानं बांधायला घेतली तीही गंडल्फनंच. १२१५ च्या वेढ्यात जॉनच्या माणसांनी तिथे घोडे बांधले होते, असं इतिवृत्तांत आहे. पश्चिम दरवाजावरचं कोरीव काम पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

रॉचेस्टर आवडलं. आता पुढचा किल्ला कोणता?

डोव्हर. रॉचेस्टरवरूनच तिकडे जाणारी गाडी मिळते. तिथली कीप दुसऱ्या हेन्रीची, म्हणजे काटेकोर अर्थानं नॉर्मन नाही, पण चौकोनी कीपची हीच परंपरा तिथे टोकाला पोचलेली दिसते. १२१६ मध्ये फ्रान्सच्या राजपुत्र लुईनं डोव्हरला वेढा घातला आणि उत्तर दरवाजाच्या एका बुरजाखाली भुयार खणून तो पाडला. आत किल्लेदार होता तोच ह्यूबर्ट द बर्ग, ज्याला आदल्या वर्षी चाळीस डुकरांचा हुकूम गेला होता. त्याच्या माणसांनी खिंडार लाकडांच्या ओंडक्यांनी बुजवलं आणि किल्ला राखला. नंतर तो दरवाजा कायमचा बंद करून त्या बाजूला नवं संरक्षण उभारलं आणि जमिनीखालून बोगदे काढले. त्या बोगद्यांतून आजही चालत जाता येतं.